पाणी पोटातून मूत्राशयात कुठल्या नळीनं जातं?

टोकयंत्र (धागाकर्ती) :

मी पोटापाण्यासाठी शरीराची चित्रं काढते. शाळेच्या भिंतीवर टांगायचे तक्ते, पुस्तकातल्या आकृत्या, असलं काम. परवा टेबलावर दोन तक्ते शेजारीशेजारी पसरले होते. डावीकडे पचनसंस्था, उजवीकडे मूत्रसंस्था. सहावीतली भाची मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आत्या, ह्या चित्रातलं पाणी त्या चित्रात कुठल्या नळीनं जातं?"

हसू आलं, पण मग स्वतःच्याच चित्रांकडे नीट पाहिलं. डावीकडची नळी तोंडापासून गुदद्वारापर्यंत सलग. उजवीकडचं चित्र मूत्रपिंडांपासून सुरू होतं, आणि त्याच्या वर काय? एक लाल आणि एक निळा तुकडा, हवेत कापून सोडलेला. पोरीची शंका रास्त होती. ती नळी शोधत होती कारण मी तिला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस भेटेल त्या मोठ्या माणसाला हाच प्रश्न विचारला. शिकलेसवरलेले लोक. बहुतेकांच्या डोक्यात कुठेतरी ती नळी आहेच. एकानं तर कागदावर काढून दाखवलं: जठराला खाली दोन तोट्या, एक घट्ट मालाची आणि एक पातळ मालाची. चित्र इतकं सोयीचं आहे की ते चूक असेल असं वाटतच नाही.

तर नळी नाही. एकही नाही. पाण्याचा घोट साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून जठरात जातो. जठर पाणी फारसं शोषत नाही, पुढे ढकलतं. लहान आतड्याच्या अस्तरातून ते बारीक रक्तवाहिन्यांत शिरतं आणि तिथून पुढे ते 'प्यायलेलं पाणी' राहतच नाही, रक्त होतं. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण ४० लिटरच्या आसपास पाणी असतं. तुमचा पाव लिटरचा पेला त्यात मिसळून जातो. थोड्या वेळानं जी लघवी होते तिच्यात त्या पेल्यातलं पाणी थोडंच, बाकीचं कधीचं कोण जाणे.

मला पटलेली गोष्ट अशी, की शी आणि लघवी म्हणजे एकाच जेवणाचा घट्ट आणि पातळ भाग नव्हे. मण्याच्या भोकात दोरा असतो म्हणून तो मण्याच्या 'आत' असतो का? अन्नमार्ग तसा आरपार आहे. त्याच्या पोकळीत जे आहे ते नेमकं बोलायचं तर अजून बाहेरच आहे. शी म्हणजे जे कधी आत आलंच नाही ते. लघवी म्हणजे जे आत आलं, रक्तात फिरलं आणि गाळून बाहेर गेलं ते.

आता मला हे दोन तक्ते एकत्र करून नवा एक काढायचा आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात. छापून झाल्यावर दाखवू नयेत.

खोडरबर :

मण्याचं उदाहरण आवडलं. पण एक शंका. एवढा लांबचा फेरा असेल तर मोठा पेलाभर पाणी प्यायल्यावर दहा मिनिटांत मला उठावं का लागतं? माझ्या बाबतीत तरी ती नळी असावी अशी दाट शंका आहे. :)

गोगलगाय :

@खोडरबर, ती दहा मिनिटांतली लघवी आधीचीच असते. (मी मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्येच दिवस घालवतो, त्यामुळे ह्या विषयावर थांबवलं नाही तर बोलत राहतो. थांबवा.)

मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिली साठलं की पहिली जाणीव होते. ४००-५०० पर्यंत बहुतेक लोक धरू शकतात. तुम्ही पाणी प्यायच्या आधी तिथे ३०० असेल तर निमित्त कुठलंही पुरतं. प्यायलेल्या पाण्याचा परिणाम वेगळ्या वाटेनं येतो. पाणी शोषलं गेलं की रक्त किंचित पातळ होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं आणि तो एडीएच नावाच्या संप्रेरकाचा पुरवठा कमी करतो. ते कमी झालं की मूत्रपिंड पाणी परत ओढून घेणं कमी करतं. एवढं सगळं होऊन लघवीचा वेग वाढायला साधारण अर्धा तास लागतो आणि तो कळसाला पोचतो तासाभरानं. म्हणजे आतडं आणि मूत्रपिंड ह्यांच्यात पाण्याची नळी नाही, पण निरोप पोचवणारा मात्र आहे.

जेवल्याजेवल्या संडासला जावं लागणाऱ्यांचंही असंच. "खाल्लं की लगेच बाहेर" असं ते सांगतात. बाहेर येतं ते काल-परवाचं. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला पुढे सरकण्याची सूचना जाते, एवढंच. तोंडापासून शेवटपर्यंतचा प्रवास बहुतेकांत एक ते तीन दिवसांचा असतो.

तिरपीरेघ :

लेख छान, पण "जे कधी आत आलंच नाही ते" हे वाक्य टाळीसाठी घेतलेलं वाटतं. पित्त कुठून येतं? यकृतातून. यकृत आत आहे की बाहेर? ते पित्त आतड्यात उतरतं आणि त्याचा काही भाग शीतून जातो. म्हणजे आतलं बाहेर गेलंच की. मग शीला 'उत्सर्जन नव्हे' असं सरसकट कसं म्हणणार?

टोकयंत्र :

@तिरपीरेघ, बरोबर पकडलंत. वाक्य मागे घेत नाही, पण त्याला 'बहुतांश' जोडते. तसंही शीत तीन चतुर्थांश पाणीच असतं, आणि उरलेल्या कोरड्या भागात जिवाणूंचा वाटा मोठा असतो. न पचलेलं अन्न आपल्याला वाटतं तेवढं नसतं.

पित्ताचं कुणीतरी नीट सांगा. माझ्या तक्त्यात पित्ताशय हिरवं रंगवून सोडून दिलंय.

जुनाफळा :

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा हा घास मी घेतो.

पित्त यकृतात बनतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते बनवत नाही, फक्त साठवतं आणि आटवून दाट करतं. त्याची स्वतःची पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलीची. पित्तात क्षार असतात. ते साबणासारखं काम करतात, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे मोठे थेंब फोडून बारीक करतात, मग स्वादुपिंडातल्या लायपेजला, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या विकराला, त्यांच्यावर हात चालवता येतो. हे क्षार शरीर फेकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले ९५ टक्क्यांच्या आसपास परत शोषले जातात आणि पुन्हा यकृतात जातात. एवढी काटकसर!

पण पित्तातून एक गोष्ट मात्र खरोखर फेकायला म्हणून येते, बिलिरुबिन. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनच्या लोह नसलेल्या भागापासून हे पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करून पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथे जिवाणू त्याचं युरोबिलिनोजेन करतात. आता इथे वाट फुटते. बराचसा भाग आतड्यातच राहतो आणि त्यापासून तपकिरी स्टर्कोबिलिन बनतं, शीचा रंग तो. थोडा भाग रक्तात शोषला जातो, मूत्रपिंडातून गाळला जातो आणि त्याचं पिवळं युरोबिलिन होतं, लघवीचा रंग तो. शीचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा, दोन्ही रंग एकाच मेलेल्या तांबड्या पेशीचे. टोकयंत्रबाई, तुमच्या दोन तक्त्यांमधला पूल शोधताय ना? हा घ्या, रंगासकट.

बिलिरुबिनवर हे काम करणारं जिवाणूंमधलं विकर कोणतं, ते नक्की सापडलं २०२४ मध्ये! लघवी पिवळी असते हे माणसाला केव्हापासून ठाऊक आहे, आणि ती पिवळी करणाऱ्याचं नाव कळून अजून धड काही वर्षंही झाली नाहीत.

खोडरबर :

मास्तर, तुमच्या वर्गात असतो तर शास्त्र शाखा सोडली नसती.

सुईदोरा :

जुनाफळा सरांच्या प्रतिसादाला जोडून. मी वॉर्डात काम करते. पित्तनलिकेत खडा अडकलेला रुग्ण आला की हीच गोष्ट उलटी दिसते. शी मातकट पांढरी, कारण पित्त आतड्यात पोचतच नाही. आणि लघवी गर्द, काळ्या चहासारखी, कारण अडलेलं बिलिरुबिन रक्तात मागे येतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. दोन्ही रंग एकदम विचारले की अर्धं निदान बिछान्याशीच होतं. लोक लाजतात आणि एकच सांगतात. दोन्ही सांगत जा, प्लीज.

निळीशाई :

वाचनखूण साठवली. अवांतर : बीट खाल्ल्यावर लाल होते ती?

गोगलगाय :

@निळीशाई, बीटाचं रंगद्रव्य काही लोकांत न मोडता रक्तात जातं आणि गाळून बाहेर येतं. घाबरायचं नाही. बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी होणारी झगझगीत पिवळी तसलीच, ती रायबोफ्लेविनची. मात्र बीट खाल्लेलं नसताना लाल दिसली तर एकदाच दिसली आणि दुखलं नाही म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

आता मूत्रपिंडाबद्दल, कारण धाग्यात त्याला 'गाळणी' म्हणून उरकलं जातंय आणि मला ते सहन होत नाही.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. अंगाच्या अर्धा टक्काही नाही. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्तच. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचं काम करणाऱ्या सूक्ष्म नळ्या. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो. मालपिगीनं तो सतराव्या शतकात पाहिला होता, आणि त्याभोवतीच्या पेल्याचा नळीशी संबंध विल्यम बोमननं १८४२ मध्ये दाखवला. त्या गुंत्यातून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातला रक्तद्रव आहे तीन लिटर! म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. आणि लघवी होते दीड लिटर. ९९ टक्के परत.

नवे विद्यार्थी विचारतात, परतच घ्यायचं तर गाळायचं कशाला? मी त्यांना कपाट आवरायला सांगतो. दोन पद्धती असतात. एक, कपाटात हात घालून नको ते शोधून बाहेर काढायचं. दुसरी, सगळं पलंगावर ओतायचं आणि हवं तेवढंच परत लावायचं. मूत्रपिंड मुख्यतः दुसरी पद्धत वापरतं. तिचा फायदा असा, की नको असलेल्या वस्तूची ओळख लागत नाही. कधी न पाहिलेलं एखादं औषध रक्तात आलं, तरी 'हवं' च्या यादीत नाही म्हणून बरेचदा आपोआप पलंगावरच राहतं. पेशी आणि मोठी प्रथिनं मात्र मुळात ओतलीच जात नाहीत, गुंत्याची जाळी त्यांना अडवते. म्हणून लघवीत प्रथिन दिसलं की आम्ही कान टवकारतो.

जुनाफळा :

गोगलगाय, कपाट उत्तम. पण पलंगावर राहणारी मुख्य वस्तू सांगा की. युरिया! आणि तीही पचनसंस्थेच्या अंगणातलीच.

प्रथिनं आतड्यात अमायनो आम्लांपर्यंत मोडतात. शरीराला हवी ती वापरून झाली की उरलेल्यांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला घातक. यकृत त्याचा युरिया करतं, जो बराच निरुपद्रवी आणि पाण्यात सहज विरघळणारा. हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट ह्यांनी १९३२ मध्ये मांडलं. युरिया बनतो यकृतात, बाहेर काढतं मूत्रपिंड. पेपरात "युरिया कुठे तयार होतो" विचारलं की निम्मा वर्ग दरवर्षी 'मूत्रपिंड' लिहायचा. मी लाल पेन मोडायचो.

तिरपीरेघ :

म्हणजे धाग्याचं शीर्षक बदलून 'यकृत' ठेवायला हरकत नाही. सगळे रस्ते तिथूनच जातायत.

जुनाफळा :

सगळे नाही. साखर, अमायनो आम्लं, पाणी, क्षार हे पोर्टल शिरेतून आधी यकृतात. पण बहुतेक स्निग्ध पदार्थ त्या वाटेनं जात नाहीत. ते आतड्याच्या अंकुरांमधल्या लसिकावाहिन्यांत शिरतात, छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला मुळाशी थेट शिरेत उतरतात. यकृताला पहिल्या फेरीत बगल.

सुईदोरा :

मला पाण्याच्या हिशेबाबद्दल लिहायचंय. वॉर्डात आम्ही 'किती आत, किती बाहेर' हा तक्ता भरतो आणि नवीन मुलींना तो कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटायचा.

आपण दिवसाला खाण्यापिण्यातून साधारण दोन लिटर पाणी आत घेतो. पण आतड्यात उतरतं नऊ लिटर. वरचे सात कुठून येतात? आपल्याच शरीरातून. लाळ दीड लिटर, जठररस दोन, पित्त अर्धा, स्वादुपिंडाचा रस दीड, आतड्याचा स्वतःचा दीड. हे सगळं रक्तातून उसनं घेतलेलं पाणी. नऊपैकी बहुतेक लहान आतडं परत घेतं, शेवटचा लिटर-दीड लिटर मोठं आतडं घेतं आणि शीत जातं १०० ते २०० मिली. उसनवारी रोजची आणि परतफेडही रोजची.

जुलाबात परतफेड थांबते, उसनं घेणं मात्र चालूच. म्हणून तोंडानं काही न घेणारं मूलही इतकं पाणी कसं गमावतं ह्याचं आईबापांना नवल वाटतं. मूत्रपिंडं मग काटकसर सुरू करतात आणि लघवी कमी, गडद होते. म्हणून जुलाबाच्या मुलाला आणलं की माझा पहिला प्रश्न पोटाबद्दल नसतो. "शेवटची लघवी कधी झाली?" आई गोंधळते. "अहो, जुलाब होतायत त्याला!" तिला वाटतं मी ऐकलंच नाही.

टोकयंत्र :

सुईदोरा ताई, हे मी तक्त्यात घालणारच. 'आत २, उतरतं ९, बाहेर ०.१५'. एवढे तीन आकडे बाणांसकट.

गोगलगाय :

त्याला जोडून एक गंमत. साखर-मिठाचं पाणी जुलाबात का चालतं? आतड्याच्या पेशीवर एक दार आहे, ते ग्लुकोज आणि सोडियम दोघं बरोबर आले तरच उघडतं. त्यांच्यामागून पाणी आत येतं. बऱ्याच जुलाबांत बाकीचं बिघडतं पण हे दार शाबूत राहतं. रॉबर्ट क्रेननं ही जोडगोळीची कल्पना १९६० मध्ये मांडली. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ तेवढं काम करत नाही ते ह्याच्यामुळे. आणि प्रमाण अंदाजानं करू नका. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

आता पुढचं. ह्या दाराचं नाव एसजीएलटी-१. त्याचा सख्खा भाऊ, एसजीएलटी-२, कुठे बसलाय? मूत्रपिंडाच्या नळीत. आतडं ज्या युक्तीनं अन्नातली साखर आत घेतं, त्याच युक्तीनं मूत्रपिंड गाळलेली साखर परत घेतं. दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत येतं. रक्तातली साखर १८० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की दारं अपुरी पडतात आणि उरलेली लघवीत सांडते. (१८० लिटर, १८० ग्रॅम, १८० मिलीग्रॅम. तिन्ही वेगळे, गल्लत करू नका. परीक्षेत करतात.)

सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचा पदार्थ सापडला होता, तो हीच दारं अडवतो. त्याच्याच धाग्यावरून पुढे मधुमेहाची आजची एक औषधमाला आली, जी मुद्दाम लघवीतून साखर जाऊ देते. ही माहिती म्हणून वाचा. साल उगाळू नका.

खोडरबर :

साल परत ठेवली.

पाणपोई :

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. मला मूतखडा झाला होता. खडा कॅल्शियमचा निघाला. ओळखीच्यांनी सांगितलं, कॅल्शियम बंद कर. वर्षभर दूधदुभतं पूर्ण सोडलं. पुन्हा खडा झाला. नंतर एका तज्ज्ञांनी उलटंच सांगितलं की कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायला हवं होतं. तेव्हा वाटलं की ह्या लोकांचं आपसात जमत नाही. आता हा धागा वाचून वाटतंय की काहीतरी आतड्यातच होत असणार. कुणी सांगेल का?

गोगलगाय :

@पाणपोई, स्वागत. आणि तुमचा अंदाज अचूक आहे. सर्वांत जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. ऑक्झलेट पालकासारख्या भाज्यांतून, सुक्यामेव्यातल्या काही दाण्यांतून येतं. जेवणात कॅल्शियम असेल तर दोघांची गाठ आतड्यातच पडते, तिथेच न विरघळणारा साका होतो आणि शीतून निघून जातो. मण्याच्या भोकातून, सरळ. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडात पोचतं. तिथे कॅल्शियम असतंच. मग गाठ तिथे पडते, आणि तिथली गाठ म्हणजे खडा.

पाणी इतकं प्या की दिवसाची लघवी दोन ते अडीच लिटर होईल. किती प्यालात ते मोजू नका, किती झाली ते मोजा, कारण घामाचा हिशेब कुणी ठेवत नाही. मीठ कमी, कारण जास्त मिठानं लघवीत कॅल्शियम वाढतं. बाकी तुमच्या खड्याचा आणि २४ तासांच्या लघवीचा अहवाल बघितल्याशिवाय कुणी आंतरजालावरून पथ्य सांगितलं तर ऐकू नका. माझंही.

पाणपोई :

धन्यवाद डॉक्टर. वर्षभराचं दूध फुकट गेलं म्हणायचं.

तिरपीरेघ :

आता तक्त्यावरच्या ठरावीक थापांबद्दल बोलू. "लहान आतडं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल." आपण सगळ्यांनी हे वाचलंय. खरं आहे का?

जुनाफळा :

मीही तीस वर्षं शिकवलं, आता कबूल करतो. २०१४ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकानं नव्यानं मोजमाप केलं. घड्या, अंकुर, अंकुरांवरचे सूक्ष्म अंकुर सगळे धरून अख्ख्या अन्नमार्गाचं अस्तर भरलं तीसएक चौरस मीटर. अर्धं बॅडमिंटन कोर्टसुद्धा पुरतं भरत नाही. त्यात मोठ्या आतड्याचा वाटा जेमतेम दोन चौरस मीटर.

लांबीचंही तसंच. सहा-सात मीटर हा आकडा शवविच्छेदनातला. जिवंतपणी स्नायूंचा ताण असतो, त्यामुळे लहान आतडं बरंच आखूड असतं, तीन ते पाच मीटर. आणि "शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू" हेही २०१६ मध्ये बाद झालं. नवा अंदाज ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्या सगळ्या जिवाणूंचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास.

टोकयंत्र :

टेनिस कोर्ट मी आजवर तीन तक्त्यांवर सुबक अक्षरात लिहिलंय. एकावर तर चेंडूही काढलाय. बोलायला तोंड नाही.

निळीशाई :

चेंडू राहू द्या, आता शटलकॉक काढा.

मला नेहमी पडणारा प्रश्न : जठरातलं आम्ल एवढं तीव्र, मग ते जठरालाच का पचवत नाही? आणि हे सगळं जिवंत माणसात पहिल्यांदा कुणी पाहिलं?

जुनाफळा :

पहिल्याचं थोडक्यात. अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट. पोकळीत सामू दीड-दोन, पण पेशींच्या अंगाशी जवळजवळ उदासीन. शिवाय अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात. प्रथिनं कापणारं पेप्सिनही आधी निष्क्रिय रूपात सोडलं जातं, आम्लात आल्यावरच जागं होतं. स्वादुपिंडाची खबरदारी ह्याच्याही पुढची. त्याचं ट्रिप्सिन तर आतड्यात उतरेपर्यंत झोपलेलंच असतं. ते आधी जागं झालं तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं, आणि तो आजार भयंकर.

दुसऱ्याची गोष्ट मोठी आहे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी जवळून लागली. विल्यम बोमाँट ह्या लष्करी डॉक्टरनं त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराचं भोक पोटाच्या कातडीशी जुळलं आणि उघडंच राहिलं. बोमाँटनं त्यातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, थोड्या वेळानं ओढून बघितले, रस बाहेर काढून बाटलीत पचन होतं का तपासलं. १८३३ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. जठर अन्न केवळ दळत नाही, रासायनिक काम करतं, हे त्यातून पक्कं झालं. रागावलेल्या माणसाचं पचन बिघडतं, हेही त्यानं त्या भोकातून पाहिलं. आता ज्याच्या पोटात दोरा सोडतायत तो रागावणारच!

वर्गात मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या माणसाला विचारलं होतं का?" करार होता, पैसेही मिळत होते, पण गरीब माणसाच्या होकाराला किती अर्थ, ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सेंट मार्टिन बोमाँटनंतर सत्तावीस वर्षं जगला. १८८० मध्ये तो गेला तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून घरच्यांनी पुरायला मुद्दाम उशीर केला.

सुईदोरा :

हे माहीत नव्हतं. घरच्यांचं बरोबर होतं.

गोगलगाय :

टोकयंत्र, तक्ता काढताना मूत्रपिंडं कमरेत काढू नका. बहुतेक चित्रांत ती फार खाली असतात. ती पाठीच्या भिंतीला लागून, शेवटच्या बरगड्यांच्या आड असतात. उजवं किंचित खाली, कारण वर यकृत. तिथून २५-३० सेंटिमीटरच्या दोन मूत्रवाहिन्या. त्यांच्यातून लघवी नुसती गळत नाही, अन्ननलिकेसारखीच आकुंचनाची लाट मिनिटाला एक-दोनदा, कधी चार-पाचदा येते. आडवं झोपलं तरी काम चालू. त्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरक्या घुसतात, त्यामुळे मूत्राशय भरला की त्यांचं तोंड आपोआप दाबलं जातं आणि लघवी मागे जात नाही. सरळ घुसलेल्या काढाल तर झडपच गायब होईल.

मूत्रमार्गाची लांबीही दाखवा. बाईत साधारण ४ सेंटिमीटर, पुरुषात १८-२०. बायकांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग जास्त का होतो ह्याचं अर्धं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. आणि तो जंतू बहुतेक वेळा मोठ्या आतड्यातलाच, ई-कोलाय. दोन संस्थांमध्ये आतून नळी नाही खरी, पण बाहेरून अंतर फार कमी आहे.

तिरपीरेघ :

+१. आधीच्या सगळ्या हरकती मागे.

टोकयंत्र :

काल रात्री जागून कच्चा तक्ता काढला. एकच कागद. डावीकडे अन्नमार्ग, फिकट करड्या रंगात, कारण तो 'बाहेर'. आतड्यापासून पोर्टल शीर यकृताकडे. पित्ताचा बाण परत आतड्यात. बिलिरुबिनची वाट एकाच पिवळ्या शाईनं सुरू करून पुढे दोन रंगांत फोडली. सुईदोरा ताईंचे तीन आकडे. मूत्रपिंडं वर सरकवली, मूत्रवाहिन्या तिरक्या. यकृतापासून मूत्रपिंडाकडे ठळक लाल रेघ, हाच तो हरवलेला पूल.

सकाळी भाचीला बोलावलं. तिनं बोट ठेवून घोट तोंडापासून खाली नेला, आतड्यातून यकृतात नेला, लाल रेघेवरून मूत्रपिंडात आणला आणि थांबली.

"आत्या, नळी नसते म्हणालीस ना? मग ही काय आहे?"

गोगलगाय :

बरोबर आहे तिचं. यकृतातून रक्त थेट मूत्रपिंडात जात नाही. आधी हृदयाची उजवी बाजू, मग फुफ्फुसं, मग हृदयाची डावी बाजू, मग महाधमनी, आणि तिथून फाटा मूत्रपिंडाला. तो फाटाही एकट्या मूत्रपिंडाला नाही. घोट आधी सगळीकडे वाटला जातो.

टोकयंत्र :

हृदय आणि फुफ्फुसं ह्या कागदावर मावत नाहीत. मोठा कागद आणायला चाललेय.